माशीमास्तरांची चिठ्ठी

नवरा काय करतो असं कोणी विचारलं की लग्नानंतरची पहिली काही वर्षं मी "सरकारी नोकरीत आहेत" एवढंच सांगायचे. कोणी फारच खोदून विचारलं तर सांगावं लागायचं, की हे माश्या ओळखतात. मग समोरचा माणूस हसायचा. "म्हणजे ऑफिसात बसून माश्या मारतात!" हा विनोद मी आयुष्यात किती वेळा ऐकला त्याला गणती नाही, आणि प्रत्येकाला वाटायचं, आपल्यालाच पहिल्यांदा सुचला. नणंदेने तर तो माझ्या तोंडावर चार वेळा केला आणि चारही वेळा स्वतःच पोट धरून हसली.

खरं म्हणजे हे माश्या मारत नाहीत, हाच आमच्या घरातला वाद. ओट्यावर माशी बसली की मारायची नाही, आधी यांना बोलवायचं. हे येणार, चष्मा कपाळावर चढवणार, वाकून बघणार आणि निकाल देणार. "घरमाशी आहे, मार." नाहीतर, "थांब थांब, ही आपल्यातली." की मी फडकं धरून उभी, आणि हे तिच्यावर ग्लास ठेवून, खालून कागद सरकवून, तिला खिडकीबाहेर पोचवून येणार. सासूबाई होत्या तोवर म्हणायच्या, "माझ्या पोराला नाकावर बसलेली माशीसुद्धा चालते, फक्त तिचं नाव कळलं पाहिजे."

ऑफिसात यांना माशीमास्तर म्हणत. शेती खात्याच्या इमारतीच्या मागच्या अंगाला एक लांबट खोली, भिंतीला लोखंडी कपाटं, कपाटात काचेच्या झाकणाचे डबे आणि डब्यांत टाचणीला टोचलेल्या माश्या. खोलीला डांबराच्या गोळ्यांचा वास. तोच वास यांच्या शर्टाला, रुमालाला, आणि आमच्या पहिल्या रात्रीपासून उशीलाही. आमच्या फ्रीझरमध्ये बर्फाच्या शेजारी माश्यांची डबी असायची, कारण थंडीत त्या शांतपणे मरतात म्हणे. एकदा एक पाहुणी सरबतासाठी बर्फ काढायला गेली आणि डबी उघडून बसली. ती पुन्हा आमच्याकडे आली नाही, आणि मला काही तिचं वाईट वाटलं नाही.

काम असं होतं. भाजीवर अळी पडली की शेतातले लोक अळ्या बरणीत भरून यांच्याकडे पाठवायचे. हे बरणीच्या तोंडाला मलमलचं फडकं बांधून फळीवर ठेवून द्यायचे आणि वाट बघायचे. काही अळ्यांचे पतंग व्हायचे. काहींमधून मात्र माशी निघायची. ही माशी जिवंत अळीच्या मानेवर कणीहून बारीक पांढरं अंडं चिकटवते. अंड्यातला किडा अळीच्या आत शिरतो आणि आत बसून तिलाच खातो. "पण खातो कसा बघ," हे सांगायचे, "आधी नुसती चरबी. काळजाला शेवटपर्यंत हात लावत नाही. अळी आधीच मेली तर जेवण नासेल ना याचं!" हे सगळं जेवताना. जावई पहिल्यांदा घरी जेवायला आला तेव्हाही यांनी त्याला हेच ऐकवलं, आणि तो बिचारा हातातला घास हातातच धरून बसला. मुलगी माझ्याकडे बघून डोळे वटारत होती. मी काय करणार? मी तर ते तीस वर्षं ऐकून जेवत होते.

तर, बरणीतून ही माशी पुरेशी निघाली की हे चिठ्ठी लिहायचे. "थांबा. फवारू नका." कारण औषध मारलं की अळीबरोबर माशीही मरते. मग अळ्यांची पुढची पिढी येते तेव्हा तिला खाणारं शेतात कोणी उरलेलं नसतं. फुकटात राबणारे गडी आपल्याच हातांनी मारून टाकायचे आणि मग आठवड्याला पंप पाठीवर घेऊन हिंडायचं, याला काय अर्थ आहे, असं यांचं म्हणणं. या एका म्हणण्यासाठी यांनी साहेबांशी भांडणं केली, औषधवाल्यांचे टोमणे खाल्ले, बढती घालवली. डोंगरापलीकडच्या खोऱ्यात कोबी पिकवणारी शे-दीडशे घरं आहेत. त्यांच्या मंडळाची प्रमुख एक धिप्पाड बाई, तिला आम्ही घरात कोबीवाली म्हणायचो. ती पंधरा वर्षं यांच्या चिठ्ठीवर चालत होती. चिठ्ठी गेली की अख्खं खोरं पंप कुलपात घालायचं. यांच्यापाशी मिरवण्यासारखं दुसरं काही नव्हतं. एक शब्द होता, आणि खोऱ्यात तो चालायचा.

यातली गोम अशी, की बरणीतून कधीकधी दुसरीच माशी निघते. तशीच करडी, तशीच केसाळ, पाठीवर तसेच काळे पट्टे. पण ही जिवंत अळीला हात लावत नाही, मेलेलीवर येते. हे तिला मुडदेफरास म्हणायचे. तिचाही सृष्टीला उपयोग आहे, घाण साफ करते बिचारी. पण बरणीत ती निघाली, तर याचा अर्थ शेतात अळीला आवरणारं कोणी नाही. तेव्हा फवारलंच पाहिजे. दोघींतला फरक कुठे, तर पाठीच्या टोकाशी, खालच्या अंगाला. तिथे आपल्या माशीला उशीसारखा एक बारीक फुगवटा असतो. मुडदेफरासला नसतो. खसखशीच्या दाण्याहून लहान जागा ती, आणि तिच्यावर शे-दीडशे घरांचा हंगाम.

दोन वर्षांपूर्वी हे पेपर वाचता वाचता म्हणाले, "छापखान्याने शाई कमी केली वाटतं." मी पेपर घेऊन बघितला. शाईला काही झालं नव्हतं. डॉक्टरने सांगितलं, नजरेच्या मधोमध डाग पडलाय, दोन्ही डोळ्यांत, आणि तो जाणार नाही. कडेचं सगळं दिसणार, ज्याच्याकडे बघायचं तेवढंच दिसणार नाही.

मी म्हटलं, "ऑफिसात सांगून टाका. कागदाचं काम देतील दोन वर्षं."

"आणि डबे कोण बघणार?"

"दुसरा माणूस नेमतील."

"कोण नेमतंय? मी उठलो की त्या खोलीला कुलूप लागणार. साहेबांना ती स्टेशनरीसाठी हवी आहे."

तेही खरंच होतं. मग हे एक दिवस जेवणाच्या डब्याच्या पिशवीतून माश्यांचा डबा घरी घेऊन आले आणि खोलीतला जुना मायक्रोस्कोप माझ्या शिलाई मशीनशेजारी मांडला. मी कपडे अल्टर करून देते. उसवायचं, आखूड करायचं, चेन बदलायची. सुईत दोरा ओवायला मला अजून चष्मा लागत नाही, हा माझा गुन्हा. "तुझी नजर आहे, माझी माहिती आहे," हे म्हणाले, "दोघांचा मिळून एक धड माणूस होतो."

मी कपाळावर हात मारला. पण शिकले. टाचणी कशी फिरवायची, दिवा कुठून पाडायचा, श्वास रोखून कसं बघायचं. हे मागे खुर्चीवर वही घेऊन बसायचे आणि विचारायचे. मी बघून सांगायचे. पहिले काही महिने तर माझ्या स्वप्नात केसाळ पाठी यायच्या. एका माशीला मला नीट एक मिनिट लागायचं. घाई केली की हे ओरडायचे, "अगं, बटण लावत नाहीयेस तू!" दोन वर्षं असं चाललं. सही यांची, नजर माझी, आणि बाहेर कोणालाही पत्ता नाही. चिठ्ठ्या जात होत्या आणि बरोबर निघत होत्या. खोटं कशाला बोलू, मला आतून त्याचं कौतुकही वाटायचं. चौथीपर्यंत शिकलेली बाई मी.

आता त्या दिवसाचं सांगते. शाळा उघडायला चार दिवस होते आणि मी गणवेशांच्या ढिगाखाली गाडली गेले होते. सकाळपासून एकवीस पँट उसवून लांब केल्या होत्या. आयांना पोरं उन्हाळ्यात वाढतात हे दरवर्षी शेवटच्या आठवड्यात कळतं. मान अशी धरली होती की बाजूला बघायचं तर अख्खं वळावं लागत होतं. संध्याकाळी हे डबा घेऊन आले.

"अगं, खोऱ्यातल्या आहेत. बारा."

"सकाळी बघते."

"सकाळी कोबीवालीचा माणूस चिठ्ठी न्यायला येतोय."

"बरं, ठेवा इथे."

मी पँट बाजूला सारली, पहिली टाचणी लावली, डोळा टेकवला. करडं होतं, केसाळ होतं. दिवा नीट पाडला नाही. टाचणी फिरवली नाही. दोन वर्षं जे दिसत होतं तेच आताही दिसतंय असं मला वाटलं, किंवा वाटून घेतलं.

"फुगवटा?" यांनी विचारलं.

"आहे."

"सगळ्यांना?"

"हो हो, सगळ्यांना. एकाच बरणीतल्या ना?"

आणि मी उठून गॅसवर भांडं ठेवायला गेले. हे पेनाचं टोपण काढून थोडा वेळ तसेच बसले होते. मग लिहिलं. "थांबा. फवारू नका."

सोळा दिवसांनी कोबीवाली घरी आली. यांच्या निवृत्तीला नऊ दिवस उरले होते. तिने पोत्यातून दोन गड्डे काढून जमिनीवर ठेवले. गड्डे कसले, जाळी झाली होती नुसती. आत हिरवी घाण साचलेली.

"साहेब," ती म्हणाली, "तुमच्या चिठ्ठीवर थांबलो. शेजारच्या गावाने फवारलं, त्यांचा माल उभा आहे. आमचा असा. आता जनावरांना घालायचा."

यांनी एक पान उचललं, बोटांनी चाचपलं, तिरकं धरून डोळ्याच्या कडेने बघितलं. "चूक माझी आहे," हे म्हणाले.

"चूक होते हो माणसाची. पंधरा वर्षांत पहिल्यांदा झाली. पण कुठे माशी शिंकली ते तरी सांगा, म्हणजे मी लोकांना काहीतरी सांगते. मला विचारतायत सगळे."

"मी येऊन सांगतो. परवा येतो."

मी तीन फुटांवर मशीनपाशी बसले होते. तोंडात दोरा धरला होता, म्हणून बोलता येत नाही असा आव आणला. ती जाताना माझ्याकडे बघून "येते हं" म्हणाली, तेव्हा मी मान हलवली. लाज वाटली का? वाटली. पण तोंड उघडलं नाही.

ती गेल्यावर मी कपाटातून डबा काढला. दिवा नीट पाडला आणि बारा माश्यांना बारा मिनिटं दिली. एकीलाही फुगवटा नव्हता. बाराच्या बारा मुडदेफरास. कोणीतरी जिवंत अळ्या वेचायच्या सोडून शेतात मरून पडलेल्या बरणीत भरल्या होत्या, आणि त्यांच्यावर या आल्या होत्या. नीट बघितलं असतं तर शाळकरी पोरानेही सांगितलं असतं.

"नाहीये," मी म्हटलं. "एकीलाही नाहीये."

यांनी चिठ्ठ्यांचा जाड कागद घेतला आणि मला बारा बारीक तुकडे कापायला सांगितले. प्रत्येक माशीच्या टाचणीवर तिच्या नावाची चिठ्ठी असते, ओळखणाऱ्याच्या सहीची. ती चुकली तर काढून फेकायची नाही, असा यांच्या कामातला नियम आहे. चुकीची तशीच ठेवायची आणि तिच्याखाली बरोबर नावाची दुसरी टोचायची. शंभर वर्षांनी कोणी डबा उघडला तरी कोण कुठे चुकलं ते त्याला दिसलं पाहिजे. मी एकेक टोचत गेले.

"अहो," मी मध्येच म्हटलं, "त्या दिवशी मी..."

"उद्याचं उद्या बघू," हे म्हणाले. "हात हलू देऊ नकोस."

तिसऱ्या दिवशी आम्ही बसने खोऱ्यात गेलो. तू नको येऊस, असं हे मला कधी म्हणत नाहीत, त्यांना आता पायऱ्या दिसत नाहीत. माल वजन करायच्या शेडमध्ये लोक जमले होते, रिकाम्या क्रेट उलट्या घालून बसलेले. कोपऱ्यात कुजक्या कोबीचा ढीग, आणि त्याचा असा वास की डांबराच्या गोळ्या बऱ्या. कोबीवालीने खुर्ची पुढे केली. हे बसले नाहीत.

"मला माशी दिसत नाही," हे म्हणाले. एवढं सरळ सांगतील असं मलाही वाटलं नव्हतं. "दोन वर्षं झाली. डोळे गेलेत. ते ऑफिसला सांगितलं नाही, तुम्हालाही सांगितलं नाही. चिठ्ठीवर सही माझी आहे, तेव्हा नुकसान मी केलंय. ऑफिसला तसं लिहून दिलंय आज."

मागून कोणीतरी म्हणालं, "आंधळ्याच्या हाती दिलं होतं होय सगळं!" कोणी हसलं नाही.

कोबीवाली यांच्याकडे बघत होती. तिने सरळ हिशेब केला. "पण साहेब, दोन वर्षांत तुमच्या सात-आठ चिठ्ठ्या आल्या. सगळ्या बरोबर निघाल्या. तुम्हाला दिसत नव्हतं, तर बघत कोण होतं?"

"ते माझ्यावर सोडा."

"सोडायला काय, पण..."

"मी," मी म्हटलं. माझा आवाज मलाच परका वाटला. "मी बघायचे. मला यांनी शिकवलंय. सात-आठ वेळा नीट बघितलं. या वेळी नाही बघितलं. डोळा लावला, आहे म्हटलं आणि उठले. यांचे डोळे नाही चुकले, मी चुकले."

यांनी माझा दंड धरला होता, तो सोडला.

"का पण?" कोबीवालीने विचारलं. रागाने नाही, खरंच न कळून.

"दमले होते."

तिने मला वरपासून खालपर्यंत बघितलं. तिच्या हातांना कोबीच्या चिकाचे डाग होते, काळे पडलेले. शिवी दिली असती तर परवडलं असतं.

"मग दमले म्हणायचं होतं ना, बाई," ती म्हणाली. "आम्ही एक दिवस थांबलो असतो."

एक दिवस. मला तो मागायचं सुचलंच नाही. आयुष्यभर कोणाकडे मागितला नव्हता, म्हणून असेल.

मग एक म्हातारा उठला आणि म्हणाला, यापुढे कोणाच्या चिठ्ठीची वाट बघायची नाही. अळी दिसली की पंप. दोन-चार माना हलल्या, मग सगळ्याच हलल्या. कोबीवालीची तेवढी हलली नाही. तीस वर्षं हे ज्याच्या विरुद्ध भांडले ते पाच मिनिटांत ठरलं, आणि ते आमच्यामुळेच ठरलं. यांनी सगळ्यांना नमस्कार केला. मी यांचा हात धरून शेडची पायरी उतरवली.

परतीच्या बसमध्ये शेवटची सीट मिळाली. बाहेर शेतं सरत होती, एका शेतात दोन माणसं पाठीवर पंप घेऊन चालली होती. ती यांना दिसली नसावीत. मी सांगितलं नाही.

बऱ्याच वेळाने म्हटलं, "तुम्ही माझं नाव का नाही घेतलंत? मला वाचवायला निघाला होतात मोठे. मला नको होतं ते."

"वाचवत नव्हतो," हे म्हणाले.

"मग काय?"

"एका माशीला तुला एक मिनिट लागतं. दोन वर्षं मी मागे बसून तुझा श्वास ऐकतोय. कधी रोखतेस, कधी सोडतेस, सगळं कळतं मला. त्या दिवशी तू रोखलाच नाहीस. दोन सेकंदांत उठलीस."

मी यांच्याकडे बघितलं. हे समोरच्या सीटच्या पाठीकडे तोंड करून बसले होते.

"अहो, मग बोलला का नाहीत?"

"तू आहे म्हणालीस ना. मला तेच ऐकायचं होतं. शेवटची चिठ्ठी होती, ती 'फवारा' म्हणून जायला नको होती."

मला भांडायचं होतं. इतकी वर्षं झाली, बसमध्ये भांडायला मला काही लाज वाटत नाही. पण बारा माश्या होत्या, समोर दिवा होता, एकाला नजर होती आणि एकाला माहिती होती. आणि आम्हा दोघांपैकी एकानेही त्यातली एकसुद्धा बघितली नव्हती.